म्हाताऱ्या माणसांना बोलावणं पाठवा

प्रति,
नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
नगर परिषद, अकोट (जि. अकोला)



ज्येष्ठ नागरिकांसाठी काहीतरी करायचं ठरलं की महाराष्ट्रातल्या बहुतेक नगर परिषदांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. बागेच्या कोपऱ्यात सिमेंटचा बाक, बाकाच्या पाठीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ रंगवलेली अक्षरं, आणि थोडा निधी हाताशी असला तर एक विरंगुळा केंद्र. तिथे कॅरम, दोन-तीन वर्तमानपत्रं, एक टीव्ही. १ ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ, दोन भाषणं, चहा आणि फोटो. यातलं काहीच वाईट नाही. उन्हातान्हात टेकायला बाक लागतोच. पण या सगळ्यामागे एक समजूत आहे, की माणूस साठीच्या पुढे गेला म्हणजे त्याचं करणं-धरणं संपलं आणि आता त्याचा वेळ कसा जाईल एवढंच पाहायचं. अकोटसारख्या गावात ही समजूत फार सहज खपून जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

२०११ च्या जनगणनेत अकोट शहराची लोकसंख्या ९२ हजारांवर होती. त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्रात दहा माणसांमागे साधारण एक जण साठीपलीकडचा. तो हिशोब अकोटला लावला तर नऊ हजारांच्या आसपास माणसं होतात, आणि त्यालाही आता बरीच वर्षं लोटली. एवढ्या माणसांना पुरतील इतके बाक कोणतीच नगर परिषद बसवू शकत नाही. आणि बसवले तरी त्यांच्यावर दिवसभर बसून राहायची हौस किती जणांना असेल?

वऱ्हाडात म्हातारपणाला मान नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. लग्नपत्रिकेत सगळ्यात वर आबाजींचं नाव असतं. नवरा-नवरी आधी त्यांच्याच पाया पडतात. पोळ्याच्या तोरणाखाली एखादा म्हातारा झडत्या म्हणायला लागला की पोरं मोबाइल काढून चित्रीकरण करतात. आणि त्याच घरात, त्याच आठवड्यात, शेतात यंदा कपाशी लावायची की तूर वाढवायची याची चर्चा सुरू असताना आबाजींनी तोंड उघडलं, तर उत्तर ठरलेलं: ‘तुमी बसा ना बाप्पा चूपचाप, बुढ्या मानसानं कायले डोकं लावा लागते!’ पत्रिकेत पहिलं नाव आणि घरात शेवटचा शब्दसुद्धा नाही. हा मान फुकट आहे, म्हणूनच तो इतका सढळ हातानं दिला जातो.

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा वेळ विचारणारी एक दादी आहे. विदर्भातल्या वाड्याचं ते नाटक गेली चाळीस वर्षं मराठी रंगभूमीवर आहे, आणि त्यातल्या भांडणांपेक्षा काही प्रेक्षकांच्या लक्षात ती म्हातारीच राहते. घरात मयत झालेली, जमिनीच्या नि दागिन्यांच्या वाटण्या चाललेल्या, आणि हिला वाजले किती ते हवं आहे. तिच्या दिवसात घडण्यासारखं दुसरं काही कुणी शिल्लकच ठेवलेलं नाही.

समाज म्हातारपणाकडे कसा बघतो याचा परिणाम नुसता मनावर होत नाही, आयुष्यावरही होतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या पन्नाशीपुढच्या ६६० माणसांना १९७५ मध्ये, वय वाढण्याबद्दल त्यांना स्वतःला काय वाटतं ते विचारलेलं होतं. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ही माणसं किती जगली याचा ताळा घातला आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. वय वाढण्याबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं, ते इतरांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले. वय, लिंग, ऐपत, एकटेपणा, तब्येत हे सगळं जमेस धरूनही फरक टिकला. ‘आता काय राह्यलं आपलं’ हे वाक्य अकोटच्या कुठल्याही ओट्यावर दिवसातून दहादा ऐकू येतं. ते नुसतं बोलणं आहे असं समजून सोडून देण्यासारखं नाही.

आता दुसरी बाजू. म्हाताऱ्यांना बाकाऐवजी काम हवं असं म्हणताना पत्राचा रोख चुकू नये. अकोटच्या आसपासच्या शिवारात कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांच्या टोळीत साठी-सत्तरीच्या बायका असतातच. देशभरातल्या वृद्धांची पाहणी करणारा ‘लासी’ हा अभ्यास मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केला, त्यातही साठीपुढच्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना अजून काम करावं लागतं असं दिसलं. कापूस वेचणाऱ्या या बाईला कुणी विरंगुळा केंद्रात बोलावत नाही. ती निवृत्त झाली हे तिला सांगायलाही कुणी आलेलं नाही. किलोवर मजुरी असते, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात, आणि ओटीत कापूस भरत गेला की वाकलेली कंबर आणखी वाकते. असं काम म्हातारपणाला अर्थ देतं असं म्हणणाऱ्यानं एक दिवस तिच्या मागे तास धरून पाहावा.

तिच्यासाठी सरकारची श्रावणबाळ योजना आहे. महिन्याला १,५००. लाभार्थी दारिद्र्यरेषेखालच्या यादीतला असेल, तर त्यातले केंद्र सरकारचे २००, ऐंशी ओलांडल्यावर ५००. हे २०० रुपये २००७ पासून तेवढेच आहेत. कापसाचा, तेलाचा, गॅसचा भाव त्या काळात कुठून कुठे गेला हे अकोटच्या बाजारपेठेला सांगायला नको. योजनेत बसायचं तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत दाखवावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कुटुंब चालतं असं प्रामाणिकपणे लिहून देणारं घर वऱ्हाडात शोधून सापडायचं नाही. म्हणून म्हातारपणाची सुरुवात अनेकांच्या बाबतीत एका खोट्या कागदानं होते, आणि तो खोटेपणा त्यांच्यावर लादलेला असतो.

मग दरवर्षी हयातीचा दाखला. सेवा केंद्राच्या काउंटरवर म्हातारी अंगठा टेकवते. मशीन लाल दिवा दाखवतं. तिथला मुलगा सांगतो, ‘माय, अंगठा पूस.’ ती लुगड्याला अंगठा पुसते, पुन्हा टेकवते. पुन्हा लाल. मग दुसरं बोट, मग तिसरं. उभं आयुष्य निंदण-वेचणीत घासलेल्या बोटांवर रेघाच उरलेल्या नसतात. समोर उभी असलेली बाई जिवंत आहे हे काउंटरवरचा मुलगा, रांगेतले सगळे जण आणि ती स्वतः बघत असते, फक्त यंत्राला ते पटत नाही. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता आली आहे, पण ती करून देणारा माणूस समोर लागतो. हे काम नगर परिषद वॉर्डावॉर्डांत, ठरल्या दिवशी, घरपोच करू शकते. त्याला नवा कायदा लागत नाही.

बाईच्या म्हातारपणाचा आणखी एक कागद आहे, सातबारा. ज्याच्या नावावर शेत, त्याला सत्तरीतही विचारलं जातं. ज्याच्या नावावर काही नाही, त्यानं किंवा तिनं ताटात पडेल ते खायचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे फार आधी ओळखलं. लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा हिस्सा करून दिला, आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांनी त्यात मोठा वाटा उचलला. ज्या घरांत ते झालं त्या घरांतल्या विधवा आज कशा राहतात आणि ज्या घरांत झालं नाही तिथल्या कशा राहतात, याची तुलना कुणीतरी अजूनही करायला हवी. अकोट तालुक्यात ती एका उन्हाळ्यात होऊ शकेल.

आणि कायदा? २००७ चा मातापिता व ज्येष्ठ नागरिक अधिनियम चांगला आहे. पोटची मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, तो साधारण ९० दिवसांत निकाली काढायचा, महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळाच्या अटीवर घर किंवा शेत मुलाच्या नावे केलं आणि त्यानं अट मोडली, तर कलम २३ प्रमाणे तो व्यवहार रद्द होऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच कलम उचलून धरत एका आईला तिची मालमत्ता परत दिली. हे न्यायाधिकरण अकोटमध्येच आहे, त्यासाठी अकोल्याला जावं लागत नाही. तरी कोण जातं तिथे? स्वतःच्या पोराविरुद्ध कागद करायचा म्हणजे गावभर बोभाटा. आई-बाप उपाशी राहतील, पण ‘पोरगं नालायक निघालं’ हे सरकारी दप्तरात लिहून देणार नाहीत. त्यांच्या घरापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंशी बोलणारी, गावातलीच चार शहाणी माणसं आधी हवीत. कायद्यातही न्यायाधिकरणाआधी समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याची तरतूद आहे. ही चार शहाणी माणसं बहुतेक वेळा साठीपुढचीच सापडतील.

रस्त्याचंही बोललं पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अकोल्याच्या वाटेवरचा, गांधीग्रामचा पूर्णा नदीवरचा जुना पूल धोक्याचा ठरून बंद झाला, तेव्हा अकोटच्या तरुणांना फेरा पडला. म्हाताऱ्यांचं मात्र अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालयच दूर गेलं. नोव्हेंबरात अकोट-अकोला रुंद मार्गावरची गाडी सुरू झाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. म्हातारपण सुखाचं की दुःखाचं, हे पुष्कळदा एखादा पूल ठरवतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, ही फार चांगली गोष्ट झाली. फक्त गाडीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. तिकीट माफ झालं, पायरी तेवढी उंचच राहिली.

आता ज्या माणसांकडे पाहून म्हातारपणाचा विचार करायचा, ती माणसं अकोटपासून हाकेच्या अंतरावर आहेत. शेंडगाव शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. तिथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा ८० वर्षं जगले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलाशी त्यांचा श्वास थांबला, तेव्हाही ते प्रवासातच होते. त्याआधी दीड महिना त्यांनी मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर कीर्तन केलं होतं. त्यांच्या हातातला खराटा लोकांना आठवतो, पण त्यांच्या उतारवयाचा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. पंचाहत्तरीनंतर, १९५२ मध्ये, त्यांनी आपल्या धर्मशाळा, वसतिगृहं, गोशाळा चालवायला मिशन उभं केलं आणि आपण पुन्हा रस्त्यावर निघाले. आता बसा, असं त्यांना म्हणायची कुणाची हिंमत झाली नसावी.

अमरावतीच्या तपोवनचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन हा दुसरा नमुना. चांगला चाललेला दवाखाना सोडून त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी ही वसाहत १९४६ मध्ये उभी करायला घेतली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या काळी पन्नाशी म्हणजे नातवंडं खेळवायचं वय. ते नव्वदी पार करून १९८६ मध्ये गेले, म्हणजे लोक ज्या वयात आवरतं घेतात त्या वयात त्यांचं खरं काम सुरू झालं.

आणि तिसरे आज आपल्यात आहेत. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर राहतात. टाकून दिलेली, मतिमंद, मूकबधिर, दृष्टिहीन अशी शंभरावर मुलं त्यांनी वाढवली आणि त्यांच्या कागदांवर बापाचं नाव म्हणून स्वतःचं नाव लावलं. २०२४ मध्ये वयाच्या ऐंशीनंतर त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांच्या एका दृष्टिहीन लेकीनं लोकसेवा आयोगाची परीक्षा पार केली. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम कदाचित वेगळं आहे. अनाथ दिव्यांग मूल अठरा वर्षांचं झालं की नियमानं त्याला बालगृह सोडावं लागतं. मग त्यानं कुठे जायचं, हा प्रश्न शंकरबाबा वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले, आणि आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा म्हणून हट्ट धरून बसले. एका म्हाताऱ्यानं साऱ्या व्यवस्थेला अठराव्या वर्षाचा जाब विचारावा, हे चित्र ‘बुढ्याले काय समजते’ म्हणणाऱ्यांनी जरूर जाऊन पाहावं. अंजनगाववरून रस्ता आहे.

इथे कुणी म्हणेल, ही सगळी असामान्य माणसं. घरोघरी गाडगेबाबा कुठून आणणार? बरोबर आहे. पण या तिघांपैकी कुणाचंही आयुष्य भरलेलं वाटतं ते पुरस्कारांमुळे नव्हे. रोज सकाळी कुणीतरी त्यांची वाट पाहत होतं, म्हणून ते भरलेलं होतं. वाट पाहिली जाण्याएवढं साधं काम अकोटमध्ये प्रत्येक गल्लीत पडलं आहे.

पानपिंपरीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात अंजनगाव, अकोट, तेल्हारा या पट्ट्याबाहेर हे औषधी पीक फार थोड्या ठिकाणी दिसतं. वेल आधाराला बांधायचा कसा, उन्हाळ्यात सावली किती धरायची, पाणी किती तोडायचं, फळ काढायला आलं हे रंगावरून कसं ओळखायचं, हे जुन्या मळेवाल्यांच्या हाताला ठाऊक आहे. कृषी महाविद्यालयातून शिकून आलेल्या मुलाला ते विचारायला लाज वाटते, आणि म्हाताऱ्याला न विचारता सांगायची आता सवय राहिलेली नाही.

किंवा पाणी घ्या. तालुक्याचा दक्षिणेकडचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. नळयोजना आल्या, चौऱ्याऐंशी खेड्यांना वान धरणाचं पाणी पोचलं. पण त्याआधी कोणत्या गावात कोणती विहीर गोडी होती, कोणती उन्हाळ्यात मचूळ व्हायची, हे कुठल्याही सरकारी नकाशात पूर्ण सापडत नाही. ते सत्तरीच्या बायकांना माहीत आहे, कारण डोक्यावर गुंड ठेवून त्याच गेल्या होत्या. खंडव्याकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीवर काम केलेले, धूळघाटाचं ते वळण डोळे मिटून सांगतील असे लोक गावात आहेत. २०१७ च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली आणि त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. जुन्या गॅझेटियरांत अकोटच्या सतरंज्यांचा उल्लेख येतो. त्यांची माहिती ते विणकाम पाहिलेल्या शेवटच्या पिढीकडून कुणी लिहून घेतली का?

नगर परिषदेच्या शाळा आहेत, वाचनालयाची जागा आहे, वॉर्डांत सभामंडप आहेत. शाळेत महिन्यातून दोन दिवस तिसरी-चौथीच्या पोरांसमोर गावातली एक म्हातारी आणि एक म्हातारा बसला आणि बोलला, तर शिक्षकांचं काही बिघडणार नाही. त्यात मराठी-हिंदी-उर्दू, सगळ्या मोहल्ल्यांतली माणसं यावीत. अकोटची आठवण एकाच जातीच्या किंवा एकाच धर्माच्या तोंडून पूर्ण होत नाही. पाणी, स्वच्छता, रस्ते यांच्या समित्यांनी कामाचा आराखडा ठरवण्याआधी त्या वॉर्डातल्या साठीपुढच्यांची एक बैठक घ्यावी आणि त्यांनी काय सांगितलं ते इतिवृत्तात नोंदवावं. नोंदवणं महत्त्वाचं. नुसतं ‘मार्गदर्शन लाभले’ असं छापलं, तर तो पुन्हा लग्नपत्रिकेतलाच मान झाला. ज्यांच्याकडून काम घ्यायचं त्यांना जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडं मानधन द्यावं, विशेषतः ज्यांना नाही तर उद्या वेचणीला जावं लागेल त्यांना. हौसेनं येणारा निवृत्त मास्तर आणि पोटासाठी राबणारी विधवा यांना एकाच मापानं मोजू नये.

विरंगुळा केंद्र बांधायचं तर जरूर बांधा. पण त्याला पायऱ्यांऐवजी उतार ठेवा, आत बायकांसाठी स्वच्छ संडास ठेवा, कारण तो नसला की म्हाताऱ्या बायका घरीच राहतात आणि केंद्रात पुरुषांचा पत्त्यांचा अड्डा होतो. हे बहुतेक ठिकाणी घडलेलं आहे.

येत्या अर्थसंकल्पात नगर परिषदेनं या कामांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावं, रक्कम सुरुवातीला लहान असली तरी चालेल. आणि १ ऑक्टोबरचा कार्यक्रम ठरेल तेव्हा व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर साठीपुढची माणसं बसवून नगरसेवकांनी समोर सतरंजीवर बसावं, हातात वही-पेन घेऊन. शाल नाही दिली तरी चालेल.

कळावे,
अकोटकरांच्या वतीनं